पडद्यावरचं कोणतं शिखर खरं? शून्य ते ७० मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घरी बांधताना

स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर हा मुळात सुपरहेट रेडिओच, म्हणजे आलेला सिग्नल मिक्सरमध्ये स्वतःच्या ऑसिलेटरशी मिसळून एका ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर (आयएफ) आणणारा. लोकल ऑसिलेटर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा, प्रत्येक ठिकाणी किती सिग्नल आला ते डेसिबलमध्ये मोजायचं आणि पडद्यावर मांडायचं. तयार मॉड्यूल एकमेकांना जोडून पडद्यावर शिखरं उमटवायला एक रविवार पुरतो. खरा कस पुढे लागतो, त्यातली कोणती शिखरं बाहेरून आली आणि कोणती डब्याच्या आतच तयार झाली हे ओळखताना. म्हणून इथे सॉफ्टवेअरबद्दल थोडं आणि पत्रा, कप्पे, फिल्टर यांबद्दल जास्त लिहिलंय.

मी बांधला तो शून्य ते ७० मेगाहर्ट्झचा. हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, सगळ्या एचएफ (शॉर्टवेव्ह) बँडना आणि ५० मेगाहर्ट्झला तेवढा पुरतो. मूळ आराखडा वेस हेवर्ड आणि टेरी व्हाइट या दोन अमेरिकी हॅमचा, 'क्यूएसटी' मासिकाच्या १९९८ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या अंकांत आलेला. त्यांची पहिली आयएफ ११० आणि दुसरी १० मेगाहर्ट्झ होती, ऑसिलेटर व्होल्टेजवर फिरणारा होता आणि पडदा म्हणजे ऑसिलोस्कोप. मी ऑसिलेटरच्या जागी एसआय५३५१ ही प्रोग्रॅमने फ्रिक्वेन्सी ठरवता येणारी चिप घेतली, ऑसिलोस्कोपच्या जागी छोटा टीएफटी पडदा, आणि दुसरी आयएफ १०.७ केली, कारण एफएम रेडिओच्या कृपेने त्या फ्रिक्वेन्सीचे फिल्टर कुठेही मिळतात.

पहिली आयएफ मोजायच्या पट्ट्याच्या वर का, हा प्रश्न सुरुवातीला पडतोच. सिग्नल थेट १०.७ वर उतरवला तर त्याची इमेज (ऑसिलेटरच्या दुसऱ्या बाजूची, त्याच आयएफवर उतरणारी नको असलेली फ्रिक्वेन्सी) २१.४ मेगाहर्ट्झ अंतरावर येते, म्हणजे पट्ट्याच्या आतच, आणि मग इनपुटला कुठलाही स्थिर फिल्टर लावून ती काढता येत नाही. आधी ११०.७ वर चढवलं की लोकल ऑसिलेटर ११०.७ ते १८०.७ असा फिरतो आणि इमेज २२१ मेगाहर्ट्झच्या वर जाते. तिला एक लो-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक मर्यादेखालचंच जाऊ देणारा, सहज अडवतो. मग १०० मेगाहर्ट्झच्या स्थिर ऑसिलेटरने ११०.७ चं १०.७ करायचं. या दुसऱ्या पायरीची इमेज मात्र ८९.३ वर पडते, नेमकी एफएम पट्ट्यात. पहिली आयएफही १०८ च्या जेमतेम वर आहे. आपल्या शहरांत ८८ ते १०८ मध्ये किती गर्दी असते ते सांगायला नको. एसआय५३५१ दोनशे मेगाहर्ट्झच्या पुढे जात नाही, त्यामुळे आयएफ १३० च्या वर नेता येत नाही, आणि १०० मेगाहर्ट्झचा कॅन ऑसिलेटर (पत्र्याच्या डबीतला तयार क्रिस्टल ऑसिलेटर) सहज मिळतो. तेव्हा एफएमशी भांडण धरूनच चालायचं.

बांधणी मागून पुढे करावी. आधी डिटेक्टर, मग १०.७ ची साखळी, मग ११०.७, आणि सगळ्यात शेवटी इनपुट. कारण डिटेक्टर झाला की तोच पुढच्या प्रत्येक टप्प्याचं मोजमाप करायच्या कामी येतो.

डिटेक्टर, म्हणजे सिग्नलची पातळी मोजणारा भाग, इथे एडी८३०७ ही लॉग चिप. इनपुटवरच्या दर डेसिबलमागे आउटपुट २५ मिलिव्होल्टने चढतं आणि −८४ डीबीएमला (डीबीएम म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल) ते हिशेबाने शून्य होतं. म्हणजे −२० डीबीएमला १.६ व्होल्ट, ० डीबीएमला २.१ व्होल्ट. विश्वासाचा पट्टा साधारण −७५ ते +१७ डीबीएम. चिपचा स्वतःचा इनपुट रोध १.१ किलोओम असतो. ५० ओमचं टोक करायला समांतर ५२.३ ओम लावतात, ५१ लावला तरी फरक कळत नाही. ही चिप ५०० मेगाहर्ट्झपर्यंत समोर येईल ते सगळं मोजते. ऑसिलेटरची पातळी तपासायला हे सोयीचं. पण उघड्या बोर्डावर ती गावातला एफएमही तितक्याच आवडीने मोजते. इनपुट ५० ओमने बंद केल्यावर आउटपुट ०.२५ ते ०.३ व्होल्टच्या आसपास बसायला हवं. ते ०.५ व्होल्ट दाखवत असेल तर −६४ डीबीएम कुठूनतरी शिरतंय, आणि हात जवळ नेल्यावर आकडा हलला तर कुठून ते वेगळं शोधायला नको. पत्र्याच्या बंद डब्यात घातल्याशिवाय, आणि पुरवठ्याची तार एक नॅनोफॅरडच्या फीडथ्रू कपॅसिटरमधून आत नेल्याशिवाय, या चिपचे खालचे २० डीबी हाती लागत नाहीत.

आउटपुटच्या पायामागे १२.५ किलोओमचा रोध चिपमध्येच असतो. त्यावर एक नॅनोफॅरड लावला की व्हिडिओ फिल्टर (डिटेक्टरच्या आउटपुटमधला गोंगाट गुळगुळीत करणारा) तयार, साधारण १२.७ किलोहर्ट्झचा. पुढे एमसीपी६००२ सारखा रेल-टू-रेल ऑपअँप बफर म्हणून लावायचा, नाहीतर एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचा) सॅम्पलिंग कपॅसिटर आकडा खाली ओढतो. एडीसीसाठी 'ब्लू पिल' या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरची १२ बिटांची चांगली चालते. ३.३ व्होल्टवर तिची एक पायरी ०.८ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.०३ डीबी. आर्डुइनो उनोची १० बिटांची एडीसी पाच व्होल्टवर ०.२ डीबीची पायरी देते, तीही खपते. ईएसपी३२ ची अंगभूत एडीसी दोन्ही टोकांना वाकडी, तिच्यावर लॉग स्केल लावू नये. एडीएस१११५ अचूक आहे पण सेकंदाला ८६० नमुन्यांवर संपते, आणि इथे हजारो पायऱ्या चालायच्या आहेत.

आता १०.७ ची साखळी. इथल्या फिल्टरची रुंदी हीच अ‍ॅनालायझरची रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे दोन सिग्नल किती जवळ असले तरी वेगळे दिसतील ते. दोन ठेवल्या. रुंद फिल्टर २८० किलोहर्ट्झचा सिरॅमिक, जुन्या टू-इन-वनच्या बोर्डावरून काढलेला किंवा लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत मिळणारा. त्याच्या डोक्यावरचा रंगाचा ठिपका बघून घ्यावा. लाल म्हणजे मध्य १०.७०, निळा १०.६७, नारिंगी १०.७३, काळा १०.६४, पांढरा १०.७६. दोन फिल्टर मालिकेत लावायचे तर दोन्ही एकाच रंगाचे हवेत. लाल आणि काळा जोडले तर मध्ये ६० किलोहर्ट्झचं अंतर पडतं, रुंदी घटते, नुकसान वाढतं आणि माथा तिरपा होतो. या फिल्टरना दोन्ही बाजूंना ३३० ओम लागतात. एफटी३७-४३ या फेराइट कड्यावर ७ आणि १८ वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर केला की ५० चे बरोबर ३३० होतात. सिरॅमिक फिल्टरला मूळ पट्ट्यापासून थोड्या अंतरावर स्वतःची खोटी दारं असतात, म्हणून सोबत १०.७ चा एक साधा एलसी टप्पा हवाच. जुन्या बोर्डावरचा आयएफ ट्रान्सफॉर्मरचा कॅन त्याला उत्तम.

अरुंद फिल्टर १५ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, १०एम१५ए जातीचा. याचा रोध तीन किलोओमच्या घरातला. ५० ओमवरून तिथे जायला ५.७ मायक्रोहेन्रीची मालिकेतली कॉइल आणि फिल्टरच्या बाजूला जमिनीकडे ३८ पिकोफॅरड. टी५०-२ कड्यावर ३४ वेढे म्हणजे ती कॉइल. कपॅसिटर ३३ चा ठेवून त्याला ट्रिमर जोडावा, कारण फिल्टरचा माथा सपाट करायला तोच फिरवावा लागतो. एकच फिल्टर दोन पोलचा असतो आणि त्याच्या कडा लांबवर उतरत जातात. मोठ्या सिग्नलशेजारचा छोटा बघायचा असेल तर दोन लावा. अदलाबदलीसाठी फिल्टरच्या दोन्ही टोकांना वेगळा सिग्नल रिले हवा. दोन्ही टोकं एकाच रिलेत आणली तर सिग्नल फिल्टरला वळसा घालून रिलेतूनच पलीकडे जातो आणि कडा ५० डीबीला थांबतात.

अ‍ॅम्प्लिफायर कुठे ठेवायचा यावर बरंच अवलंबून असतं. हिशेब असा. लो-पास, दोन मिक्सर, पॅड (सिग्नल ठरावीक डीबीने कमी करणारे रोध), दोन आयएफचे फिल्टर मिळून साधारण २५ डीबी जातात. −१०० डीबीएमचा सिग्नल एडी८३०७ च्या तळाशी, म्हणजे −७२ वर, आणायचा तर एकंदर +२८ हवेत. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचे मिळून ५३-५४ डीबी. त्यातले २० पहिल्या आयएफवर एका एमएमआयसीचे (तयार आरएफ गेन देणाऱ्या चिपचे), उरलेले दुसऱ्या आयएफवर २एन२२२२ए च्या दोन फीडबॅक टप्प्यांचे, प्रत्येकी १७, कलेक्टरला २० मिलिअँपिअर. हे सगळे टप्पे फिल्टरच्या आधी असले पाहिजेत. फिल्टरच्या नंतर गेन दिला तर त्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा रुंद पट्ट्यातला गोंगाट थेट लॉग चिपला मिळतो, तळरेषा (सिग्नल नसताना पडद्यावर दिसणारी गोंगाटाची पातळी) वर येते, आणि २८० वरून १५ किलोहर्ट्झवर गेल्यावर ती जी १२-१३ डीबीने खाली जायला हवी ती जागची हलत नाही. तळरेषा फिल्टरबरोबर हलते की नाही, ही या साखळीची सगळ्यात सोपी परीक्षा.

दुसरा मिक्सर एडीई-१, ऑसिलेटरकडून +७ डीबीएम मागणारा. १०० मेगाहर्ट्झचा कॅन गरजेपेक्षा जास्तच देतो. मधे पॅड बदलत, आधी बांधलेल्या डिटेक्टरवर +७ येईपर्यंत उतरवायचा. एक डीबी इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही.

मग येतो ११०.७ चा बँडपास, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीभोवतालचा अरुंद पट्टाच जाऊ देणारा फिल्टर, या यंत्राचा कणा. ८९.३ वरची इमेज याला सुमारे ८० डीबीने दाबायची आहे. दोन मेगाहर्ट्झ रुंदीचे तीन रेझोनेटर हिशेबाने तेवढं देतात. प्रत्येक रेझोनेटर म्हणजे २२ एसडब्ल्यूजी तारेचे पाच वेढे, ६ मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या दांड्यावर गुंडाळून ८ मिलिमीटर लांबीला पसरलेले. ही साधारण १०० नॅनोहेन्रीची कॉइल. तिला १५ पिकोफॅरडचा एनपी० कपॅसिटर आणि २ ते १० चा ट्रिमर, मिळून २० च्या आसपास. आत-बाहेरची ५० ओमची जोडणी पहिल्या आणि तिसऱ्या कॉइलवर, जमिनीच्या टोकापासून अर्ध्या वेढ्याच्या किंचित वर. एक वेढ्यावर घेतली तर रुंदी वाढते आणि इमेज डोकं वर काढते.

शेजारच्या रेझोनेटरना जोडायला लागतो पाव पिकोफॅरड. असा कपॅसिटर विकत आणून उपयोग नाही, त्याच्या पायांचीच धारणा तेवढी असते. तो घडवावा लागतो. कॉपर क्लॅडच्या (तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या) तुकड्यांचा तीन कप्प्यांचा डबा करायचा, प्रत्येक कप्पा साधारण २५ मिलिमीटरचा, आणि मधल्या भिंतींच्या सगळ्या सांध्यांना सलग सोल्डर द्यायचा, टाके घालून चालत नाही. भिंतीला ३ मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून इन्सुलेटेड तारेचा तुकडा ओवायचा. त्याचं एक टोक एका कॉइलच्या वरच्या टोकाला जोडायचं आणि दुसरं शेजारच्या कॉइलजवळ मोकळं ठेवायचं. कात्रीने अर्धा अर्धा मिलिमीटर कापत जोडणी कमी करता येते. झाकणही सोल्डर करायचं, नुसतं ठेवलेलं झाकण ११० मेगाहर्ट्झला असून नसल्यासारखं. ट्रिमर फिरवायला झाकणाला भोकं ठेवा, कारण झाकण बसलं की तिन्ही रेझोनेटर वर सरकतात आणि सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

नॅनोव्हीएनए (फिल्टरचा आलेख दाखवणारं छोटं मोजयंत्र) असेल तर हा फिल्टर बघत बघत लावता येतो. नसेल तर पहिला मिक्सर जोडल्यावर लोकल ऑसिलेटर ११०.७ वर उभा करायचा. त्याचा जो अंश मिक्सरमधून गळतो तोच इथे चाचणीचा सिग्नल. तिन्ही ट्रिमर फिरवून डिटेक्टरचा आकडा जास्तीत जास्त करायचा. माथा तिरपा आहे की दोन उंचवट्यांचा, याची चिंता करू नये. प्रत्येक सिग्नल या फिल्टरमधून ११०.७ याच एका ठिकाणी जातो, त्यामुळे फिल्टरचा आकार पडद्यावरच्या सपाटपणात उतरत नाही. त्याने फक्त ८९.३ ला आडवं यायचं. तो येतोय का हे तपासायला ५० मेगाहर्ट्झचा सिग्नल द्या आणि २८.६ वर बघा. इमेज नेहमी खऱ्या शिखराच्या २१.४ मेगाहर्ट्झ खाली दिसते. ७० ची ४८.६ वर, ३० ची ८.६ वर.

पहिला मिक्सरही एडीई-१ किंवा एसबीएल-१, पण उलटा जोडलेला. इनपुट सिग्नल त्याच्या आयएफच्या पायावर द्यायचा आणि ११०.७ आरएफच्या पायावरून घ्यायचा. आरएफचा पाय खालच्या टोकाला शून्यापर्यंत जात नाही, आयएफचा जातो. मिक्सर आणि बँडपासच्या मध्ये ३ डीबीचा पॅड ठेवावा, १८ ओम मालिकेत आणि दोन्ही बाजूंना ३०० ओम. तो काढून ३ डीबी वाचवायचा मोह होतो, पण मग फिल्टर नको असलेल्या फ्रिक्वेन्सी परत मिक्सरवर आपटवतो आणि मोजलेली पातळी फ्रिक्वेन्सीनुसार हिंदकळते.

लोकल ऑसिलेटर एसआय५३५१ चा. आउटपुट ८ मिलिअँपिअरच्या ड्राइव्हवर ठेवलं की पॅड घालूनही मिक्सरला पुरतं. याची चौकोनी लाट मिक्सरला आवडतेच. चिपच्या आतला व्हीसीओ (व्होल्टेजवर फिरणारा ऑसिलेटर) ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमध्ये चालतो. १५० मेगाहर्ट्झपर्यंत आउटपुटचा भागाकार ६ ठेवायचा आणि त्यापुढे ४. भाजक पूर्ण सम संख्या ठेवून अपूर्णांक फक्त पीएलएलमध्ये (व्हीसीओची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या भागात) घ्यायचा, तसं न केल्यास मूळ सिग्नलच्या दोन्ही बाजूंना बारीक काटे उगवतात. दर पायरीला पीएलएल रिसेट करायची गरज नाही. बरेच तयार प्रोग्रॅम ती करतात आणि प्रत्येक पायरीवर ऑसिलेटर क्षणभर भरकटतो. आठ रजिस्टर नुसती लिहायची. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर त्याला सव्वादोनशे मायक्रोसेकंद लागतात. या चिपची उरलेली दोन आउटपुट बंद ठेवा. १०० मेगाहर्ट्झही तिच्यातूनच काढायची आयडिया स्वस्त वाटते, पण आतल्या आत एका आउटपुटचा दुसऱ्यात जो शिरकाव होतो तो बाहेर कितीही पत्रा लावला तरी थांबत नाही. वेगळा कॅन घ्या, वेगळ्या डब्यात.

इनपुटचा लो-पास सात घटकांचा, ७५ मेगाहर्ट्झचा चेबिशेव. कपॅसिटर ५०, ८९, ८९, ५० पिकोफॅरड आणि त्यांच्या मध्ये कॉइल १५१, १६७, १५१ नॅनोहेन्री. ८९ साठी ८२ ला ६.८ समांतर, ५० साठी ४७ ला ३.३. कॉइल पुन्हा त्याच ६ मिलिमीटरच्या दांड्यावर २२ एसडब्ल्यूजीचे सात वेढे. ११ मिलिमीटर लांबीला पसरल्या की १५० च्या आसपास येतात आणि १० ला १६७. शेजारच्या कॉइल एकमेकींना काटकोनात ठेवा, शक्यतो मध्ये भिंत. ११०.७ ला हा फिल्टर सुमारे ३५ डीबी देतो आणि मिक्सरचं संतुलन त्यात भर घालतं. खिडकीतून मोठं एफएम टॉवर दिसत असेल तर एवढं कमी पडतं. अशा ठिकाणी याच्यासारखाच दुसरा फिल्टर मालिकेत लावलेला बरा.

त्याच्याही आधी स्टेप अटेन्युएटर (सिग्नल टप्प्याटप्प्याने कमी करणारा), १०, २० आणि २० डीबीचे तीन कप्पे, डीपीडीटी स्विचवर. १० डीबीला बाजूंचे ९६ आणि मधला ७१ ओम, २० डीबीला ६१ आणि २४८. एकाच स्विचवर ४० डीबी करायला जाऊ नये, स्विचच्या पात्यांमधल्या धारणेतून ५० मेगाहर्ट्झला त्यातले बरेच डीबी गळून जातात.

सॉफ्टवेअरमध्ये चुकण्याजोगी गोष्ट एकच. टीएफटीच्या ३२० ठिपक्यांवर ७० मेगाहर्ट्झ पसरले की एका ठिपक्याला २१९ किलोहर्ट्झ येतात. २८० चा फिल्टर असताना ठिपक्याला एक मोजणी धकून जाते. फिल्टर १५ चा केला आणि पायरी तीच ठेवली तर बहुतेक सिग्नल दोन पायऱ्यांच्या मध्ये हरवतात, आणि बघणाऱ्याला वाटतं अरुंद फिल्टरने पडदा किती स्वच्छ झाला. पायरी फिल्टरच्या निम्म्याहून मोठी नको. म्हणजे साडेसात किलोहर्ट्झ, पूर्ण पट्ट्याला ९३०० हून अधिक पायऱ्या, आणि प्रत्येक ठिपक्यावर त्याच्या वाट्याच्या पायऱ्यांतली सगळ्यात मोठी मोजणी काढायची. पायरीला एक मिलिसेकंद धरला तर एक फेरी नऊ-साडेनऊ सेकंदांची. घाई असेल तर पट्टा लहान करा.

सगळं जुळल्यावर पडद्याच्या डाव्या टोकाला एक मोठं शिखर दिसतं, शून्य मेगाहर्ट्झचं. तेच ते ऑसिलेटरचं गळणं. ते जावं म्हणून धडपडू नये, ते कामाचं आहे. त्याचा माथा म्हणजे फ्रिक्वेन्सीचं शून्य, आणि १०० मेगाहर्ट्झच्या कॅनची चूक, फिल्टरच्या मध्याची चूक, दोन्ही त्यात आपोआप धरली जातात. दोन्ही फिल्टरचं शून्य वेगवेगळं शोधून प्रोग्रॅममध्ये साठवायचं. त्याच्या कडा मात्र खालचा पट्टा खातात. २८० च्या फिल्टरवर मीडियम वेव्हचं काही दिसत नाही. १५ वर गेलं की इनपुटला लावलेल्या वावभर तारेवर पुण्यात ७९२ किलोहर्ट्झचं आकाशवाणी सुटं उभं राहतं.

आता खोटी शिखरं. इनपुट ५० ओमने बंद करा, अँटेना काढा, आणि पडदा बघा. शून्यावरचं सोडून जे काही उभं आहे ते सगळं घरचंच. आधी १६, ३२, ४८, ६४ वर बघा, उनो असेल तर तिचा क्रिस्टल तिथे दिसतो. ब्लू पिलचा ८ च्या पटीत. टीएफटीची केबल काढून, एक मोजणी साठवून ठेवून, मग पडदा लावून दाखवली तर पडद्याचा वाटा किती ते कळतं. तळरेषेवर काही दशक किलोहर्ट्झच्या अंतराने सारखे दात दिसले तर ते एसएमपीएस अ‍ॅडॉप्टरचे. साधा ट्रान्सफॉर्मर आणि ७८१२, ७८०५ हे रेग्युलेटर वापरा, आणि टेबलावरचा एलईडी दिवा बंद करून बघा.

या पलीकडे उरतात ती दोन ऑसिलेटरांच्या हार्मोनिकांची (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींची) भांडणं, आणि ती कुठे होणार हे कागदावर आधीच काढता येतं. पहिल्या ऑसिलेटरची कुठलीही पट आणि १०० ची कुठलीही पट यांच्यात १०.७ चा फरक पडला की शिखर उगवतं. दुप्पट आणि तिप्पट यांचं ३३.९५ आणि ४४.६५ वर. तिप्पट आणि चौपट यांचं १९.०७ आणि २६.२ वर. तिप्पट आणि पाचपट यांचं ५२.४ आणि ५९.५३ वर. पडद्यावर नेमक्या याच जागी काटे दिसले तर सर्किटमध्ये चूक नाही, झाकणात आहे. १०० मेगाहर्ट्झ पुरवठ्याच्या तारेवरून किंवा डब्याच्या फटीतून पहिल्या मिक्सरपर्यंत जातंय, नाहीतर पहिला ऑसिलेटर दुसऱ्यापर्यंत येतोय. प्रत्येक डब्याच्या पुरवठ्याला फेराइट मणी आणि फीडथ्रू, डब्यांमधली प्रत्येक जोडणी आरजी१७४ कोॲक्सची आणि तिची जाळी दोन्ही टोकांना पत्र्याला पूर्ण गोल सोल्डर केलेली. जाळीची शेपटी करून एका ठिकाणी टेकवली की हीच शिखरं १०-२० डीबी वर येतात. सगळं करूनही एखाददुसरं तळरेषेच्या वर थोडं उरतं. त्यांची यादी डब्यावर चिकटवून ठेवावी.

पातळीचं कॅलिब्रेशन विकतच्या जनरेटरशिवाय होतं. २० मेगाहर्ट्झचा कॅन ७४एसी७४ ने दोनने भागला की ५० टक्के ड्यूटीची १० मेगाहर्ट्झची चौकोनी लाट मिळते. चिपचा पुरवठा ५.०० व्होल्ट मोजून घ्यायचा. आउटपुटला मालिकेत २.२ किलोओम अधिक ३३० ओम, मग जमिनीकडे ५१ ओम, आणि तिथून कोॲक्सने अ‍ॅनालायझरला. पाच व्होल्टच्या चौकोनी लाटेतला मूळ सूर ३.१८ व्होल्टच्या शिखराचा असतो. हा विभाजक त्याचा साधारण शंभरावा भाग पुढे देतो, म्हणजे ५० ओमवर −२० डीबीएम. पुरवठा एक दशांश व्होल्टने चुकला तर चूक ०.१७ डीबीची, तेवढी पचते. शिवाय हार्मोनिक फुकट मिळतात. ३० वर मूळच्या ९.५ डीबी खाली, ५० वर १४ डीबी खाली, ७० वर १६.९ खाली. पडद्यावर हे अंतर बरोबर आलं तर उभं स्केल, आडवं स्केल आणि लो-पासचा सपाटपणा तिन्ही एकदम तपासले जातात. ७४एचसी वापरली तर तिच्या संथ कडांमुळे ५० आणि ७० ची शिखरं आणखी खाली येतात आणि दोष उगाच लो-पासवर जातो. २०, ४०, ६० वर काही दिसलं तर आधी ती लाट खरंच निम्मी-निम्मी आहे का ते बघा. ती असेल तर पहिल्या मिक्सरवर जास्त सिग्नल पडतोय. पूर्ण −२० तसाच देऊ नका, अटेन्युएटरचे १० घाला. मिक्सरवर −३० डीबीएमच्या आत राहिलं की यंत्र सरळ वागतं.

ज्यासाठी बहुतेक हॅम हे बांधतात ते काम ट्रान्समीटर तपासण्याचं. पाच वॉट म्हणजे +३७ डीबीएम, हे थेट इनपुटला लावलं तर अटेन्युएटरचे रोध आणि मिक्सर दोन्ही जातात. डमी लोडकडे (अँटेनाऐवजी लावलेल्या रोधाकडे) जाणाऱ्या कोॲक्सवर ८२० ओमचे तीन अर्ध्या वॉटचे रोध मालिकेत टेकवून, पुढे जमिनीकडे ५१ ओम लावून टॅप करायचा. तो ४० डीबी उतरवतो. रोधांवर एक दशांश वॉटच पडतो. अ‍ॅनालायझरला −३ डीबीएम येतात, त्यावर अटेन्युएटरचे ३० घातले की मिक्सरवर −३३.

७.१ मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर असेल तर १४.२, २१.३ आणि २८.४ बघायचे. अमेरिकेच्या नियमात ३० मेगाहर्ट्झच्या खाली हार्मोनिक मूळच्यापेक्षा निदान ४३ डीबी खाली लागतात, आणि घरच्या यंत्राला ती चांगली कसोटी आहे. दिसणारं हार्मोनिक ट्रान्समीटरचं की आपल्याच मिक्सरने बनवलेलं, हे अटेन्युएटरचे आणखी १० डीबी घालून कळतं. ७.१ चं शिखर १० ने उतरेल. १४.२ चंही १० नेच उतरलं तर ते बाहेरून आलेलं. २० ने उतरलं तर मिक्सरमध्ये तयार झालेलं, आणि २१.३ चं असं असेल तर ते ३० ने उतरतं. शिखर तसूभरही हललं नाही तर ते ५० ओमने इनपुट बंद केलं तेव्हाही तिथेच होतं, चिकटवलेल्या यादीत बघा. मोजणी घेताना टॅपचा डबाही बंद असावा आणि डमी लोडची कोॲक्स अ‍ॅनालायझरपासून दूर, कारण पाच वॉट हवेतूनही आत येतात. टॅपची केबल काढून, इनपुटला ५० ओम लावून, ट्रान्समीटर चालू असताना एकदा पडदा बघितला की किती येतात तेही दिसतं.